तेवीस नंबरची पुडी आणि हरवलेला वास

जपानमध्ये नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे वास तपासण्याची एक खास रीत आहे. रुग्णाच्या डाव्या हाताला, कोपराच्या वळणातल्या शिरेत एक इंजेक्शन सावकाश, वीसेक सेकंद घेऊन देतात. औषधाचं नाव अलिनामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचंच एक रूप. रुग्णाने शांतपणे नाकाने श्वास घेत राहायचं आणि लसणासारखा वास आला की लगेच सांगायचं. डॉक्टरांच्या हातात घड्याळ असतं. ज्याचं नाक शाबूत आहे त्याला साधारण आठ सेकंदांत वास लागतो आणि पुढे मिनिटभराहून थोडा जास्त वेळ तो येत राहतो. सुई हातात आणि लसूण नाकात! औषध रक्तातून फुप्फुसात जातं, तिथून उच्छ्वासाबरोबर घशामागून वर चढतं आणि नाकाच्या छताशी पोचतं. कुपी नाकाशी धरून काहीच न कळणाऱ्या रुग्णाला या मागच्या दाराने वास आला, तर डॉक्टरांना धीर येतो. अशा रुग्णांचा वास परतण्याची शक्यता जास्त असते.

ही चाचणी आधी सांगायचं कारण आहे. सर्दी, फ्लू किंवा कोविडनंतर वास गेलेल्यांना जपानचे डॉक्टर वनौषधीची पुडी देतात, ही बातमी आपल्याकडे पोचते. पण त्या पुडीच्या आधी केलेलं मोजमाप पोचत नाही. मग उरते फक्त पुडी आणि ती कुठून मागवायची याची शोधाशोध. त्या पुडीचं नाव तोकी-शाकुयाकु-सान. जपानमध्ये कांपो, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैद्यकातल्या, औषधांच्या पाकिटांवर क्रमांक छापलेले असतात आणि लोक औषधं त्या क्रमांकानेच ओळखतात. हिचा क्रमांक २३. तिच्याकडून किती आशा धरावी, ती कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये आणि ती मिळाली नाही तर महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात बसून काय करता येईल, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

वास गेलेला माणूस घरात एकटा पडतो. त्याला ताप नसतो, प्लास्टर नसतं, चेहऱ्यावर काही दिसत नाही. 'नुसता वासच गेलाय ना, येईल,' असं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात. इकडे त्याला फोडणी समजत नाही, दूध नासलेलं कळत नाही, स्वतःच्या अंगाला घामाचा वास येतोय का या शंकेने तो दिवसातून तीनदा आंघोळ करतो. तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास न आलेली आई काय गमावते, हे तिलाच माहीत. घरच्यांनी आधी एवढं मान्य करावं की हे दुखणं खरं आहे.

नाकात नेमकं काय बिघडतं? नाकाच्या अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, त्वचेचा एक छोटासा पट्टा असतो. तिथे वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांचे बारीक धागे कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूत शिरतात. माणसाकडे वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. हे ग्राहक शोधून काढल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं. कोविड आला तेव्हा विषाणू या चेतापेशींनाच मारतो असं वाटलं होतं. २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं की विषाणू ज्या दारातून पेशीत शिरतो ते दार चेतापेशींना नसून त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना असतं. शेजारी कोसळले की मग चेतापेशींचंही चालेनासं होतं. काहींच्या नाकात विषाणू गेल्यावरही सूज धुमसत राहते.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की या चेतापेशी शरीरातल्या बहुतेक चेतापेशींसारख्या एकदाच मिळालेल्या नसतात. पट्ट्याच्या तळाशी मूळपेशी असतात आणि त्यांतून नव्या चेतापेशी आयुष्यभर उगवत राहतात. मात्र नवा धागा हाडाच्या भोकातून वर जाऊन नेमक्या जागी जोडला जायला महिने लागतात. म्हणूनच या दुखण्यात घाई करून काही हाती लागत नाही. सगळे उपचार, जपानी पुडीसुद्धा, या उगवण्याला हातभार लावण्यासाठीच आहेत.

कोविडनंतर बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो. २०२२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा होता की सुमारे ५.६ टक्के लोकांचा वास सहा महिन्यांनंतरही नीट झालेला नव्हता. बायकांचा वास परतण्याची शक्यता पुरुषांपेक्षा कमी दिसली. कोविडच्या आधीही सर्दी-पडशानंतर कायमचा वास गेला म्हणून येणाऱ्या रुग्णांत मध्यमवयीन बायका जास्त असत. जपानी डॉक्टरांचा हा जुना अनुभव, आणि २३ नंबरच्या पुडीची गोष्टही तिथूनच सुरू होते.

कारण हे मुळात बायकांचं औषध आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये झांग झोंगजिंग या वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रंथात, ज्याला जपानी लोक 'किन्की योर्‍याकु' म्हणतात, गरोदर बाईच्या पोटदुखीवर हा योग सांगितला आहे. 'सान' म्हणजे चूर्ण. त्या काळी सहा औषधी कुटून चूर्ण करत आणि मद्यातून घेत. आज 'सान' फक्त नावात उरलं आहे. कारखान्यात सहाही औषधींचा एकत्र काढा करतात, तो आटवून सुकवतात आणि त्याचे बारीक दाणे पुडीत भरतात. जपानमध्ये पाळीच्या तक्रारी, हातपाय गार पडणं, थकवा, अंगावर येणारी सूज यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ हे औषध सर्रास देतात. वास गेलेल्या मध्यमवयीन बायका ते घेऊ लागल्या आणि नाकाच्या डॉक्टरांचंही लक्ष तिकडे गेलं.

सहा औषधी अशा: तोकी आणि सेंक्यु ही दोन सुगंधी मुळं-कंद, शाकुयाकु म्हणजे पिओनी या फुलझाडाचं मूळ, सोजुत्सु हा सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पतीचा कंद, ताकुशा हा पाणवनस्पतीचा कंद, आणि बुकुर्यो ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी. जपानमध्ये सर्वाधिक खपणाऱ्या बनावटीत दिवसाच्या मात्रेला शाकुयाकु, सोजुत्सु, ताकुशा आणि बुकुर्यो प्रत्येकी ४ ग्रॅम, तर तोकी आणि सेंक्यु प्रत्येकी ३ ग्रॅम धरून काढा केलेला असतो. दाण्यांच्या रूपात तो दिवसाला ७.५ ग्रॅम भरतो. म्हणजे अडीच ग्रॅमच्या तीन पुड्या, जेवणाआधी किंवा दोन जेवणांच्या मध्ये.

यातल्या तोकीशी मराठी माणसाचं दूरचं नातं आहे. धने, जिरे, ओवा, बडीशेप आणि हिंग ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वनस्पती. जपानमध्ये नारा भागातली तोकी नावाजलेली, तिला 'यामातो तोकी' म्हणतात. शेतकरी मुळं उपटून जुड्या बांधतात आणि थंडीभर वाऱ्यावर टांगून ठेवतात. वाळत आली की ती गरम पाण्यात बुडवून हाताने चोळतात. माती निघते, एकमेकांत गुंतलेली बारीक मुळं सरळ होतात, आकार नीट बसतो. या कामाला 'युमोमी' असं स्वतंत्र नाव आहे. गरम पाण्यात मूळ चोळलं की सेलरीसारखा उग्र-गोड वास सुटतो. २०१२ मध्ये तोकीची पानं औषधांच्या यादीतून वगळली गेली, तेव्हापासून नारामध्ये त्या पानांची भजी आणि चहा मिळू लागला. मूळ मात्र अजूनही औषधच आहे आणि ते भाजीसारखं वापरायचं नाही.

कांपो म्हणजे काय, हेही थोडक्यात. चीनमधून आलेलं वैद्यक जपानी लोकांनी हजार-दीड हजार वर्षांत आपल्या पद्धतीने घडवलं. अठराव्या शतकातल्या योशिमासु तोदो या वैद्याने तर पोट दाबून पाहण्याला मोठं महत्त्व दिलं, आणि कांपोचे डॉक्टर आजही रुग्णाला आडवं करून पोट तपासतात. डच लोकांकडून युरोपीय वैद्यक आल्यावर त्याला 'राम्पो' म्हणू लागले आणि जुन्याला 'कांपो'. मेइजी काळात सरकारने वैद्यकीचा परवाना पाश्चात्त्य वैद्यकाच्या परीक्षेवरच द्यायचं ठरवलं आणि कांपो मागे पडलं. विसाव्या शतकात ते परतलं, पण वेगळ्या वाटेने. आज जपानमध्ये कांपो लिहून देणारा डॉक्टर हा आधी एमबीबीएससारखं पूर्ण आधुनिक शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. कांपोचे काही अर्क १९६७ मध्ये राष्ट्रीय विम्यात आले, १९७६ मध्ये त्यांची यादी बरीच वाढली आणि आता १४८ योग विम्यातून मिळतात. २००१ पासून वैद्यकीय महाविद्यालयांच्या मूळ अभ्यासक्रमातही कांपो आहे. एकाच डॉक्टरच्या एकाच चिठ्ठीवर नाकात मारायचा स्प्रे आणि २३ नंबरची पुडी एकत्र लिहिलेली दिसते, ती यामुळे. आपल्याकडे अ‍ॅलोपॅथी आणि आयुर्वेद यांच्या दवाखान्यांच्या पाट्या वेगळ्या असतात, तसं तिथे नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. या पुडीने वास परत येतो का?

प्रयोगशाळेत आशा वाटावी असं दिसलं आहे. कानाझावा वैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या नाकातल्या चेतापेशी औषधाने नष्ट केल्या आणि मग त्यांना तोकी-शाकुयाकु-सान दिलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषध मिळालेल्या उंदरांच्या चेतापेशी लवकर सावरल्या. चेतापेशींच्या वाढीला लागणारं एनजीएफ हे प्रथिन वाढल्यामुळे असं होत असावं, असा त्यांचा निष्कर्ष होता. माणसांच्या बाबतीत जपानी रुग्णालयांनी आपल्या जुन्या नोंदी चाळून, हे औषध घेतलेल्या बऱ्याच रुग्णांचा वास काही महिन्यांत सुधारल्याचं मांडलं आहे. जपानच्या नासाविज्ञान संस्थेने २०१७ मध्ये वासाच्या विकारांवर मार्गदर्शिका काढली, तिच्यातही कांपोची चर्चा आहे.

पण या नोंदींत एक मोठी अडचण आहे आणि ती वाचकांपासून लपवता कामा नये. विषाणूनंतर गेलेला वास अनेकांचा आपोआपही परत येतो. पुडी घेणारा माणूस सहा महिन्यांत बरा झाला, तर श्रेय पुडीला द्यायचं की सहा महिन्यांना? याचं उत्तर खोटी पुडी दिलेल्या रुग्णांशी तुलना केल्याशिवाय मिळत नाही. जुन्या नोंदी चाळून ते निघत नाही. म्हणून आजच्या घडीला प्रामाणिक विधान एवढंच: हे औषध वाजवी आहे, बहुतेकांना ते सोसतं, त्यामागे तर्क आहे, पण 'याने वास येतोच' असं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

'वनस्पतीचं आहे, अपाय काय होणार' हा समज जपाननेच मोठी किंमत देऊन मोडला आहे. शोसाइकोतो हा दुसरा एक कांपो योग यकृतदाहाच्या रुग्णांना मोठ्या प्रमाणावर दिला जात होता. त्यातल्या काहींच्या फुप्फुसांना गंभीर दाह झाला, मृत्यू झाले, आणि १९९६ मध्ये सरकारला तातडीचा इशारा काढावा लागला. २३ नंबरच्या पुडीचं नाव अशा प्रकरणात नाही. तिच्यात ज्येष्ठमधही नाही, त्यामुळे अनेक कांपो औषधांनी रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, तो धोका इथे सहसा नसतो. वास गेलेल्या, खूप थकलेल्या रुग्णांना कधी कधी निंजिन-योएइतो हा योग देतात, त्यात मात्र ज्येष्ठमध आहे. रक्तदाबाच्या रुग्णांनी दोन्हींतला हा फरक लक्षात ठेवावा.

तोकी-शाकुयाकु-सानने पोट बिघडू शकतं: भूक मंदावणं, मळमळ, जुलाब. ज्यांची पचनशक्ती मुळातच नाजूक आहे त्यांना हे जास्त जाणवतं. अंगावर पुरळ उठलं तर औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावं. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावं. तोकीची चिनी बहीण, जिला बाजारात 'डाँग क्वाय' म्हणतात, वॉर्फरिनचा परिणाम वाढवते अशा नोंदी आहेत. गरोदर बायकांसाठी हे जुन्या काळापासूनचं औषध असलं, तरी गरोदरपणात ते मनाने सुरू करू नये.

भारतात आयुष मंत्रालयाच्या कक्षेत आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. कांपो येत नाही. म्हणजे इथे कांपो देणारा मान्यताप्राप्त डॉक्टर शेजारच्या गल्लीत मिळणार नाही. इंटरनेटवरून अनोळखी विक्रेत्याची पुडी मागवणं धोक्याचं आहे. आत तीच तोकी आहे की डाँग क्वाय, जड धातू तपासले आहेत का, हे पाकिटावरून कळत नाही. आणि 'कुळ एकच' म्हणून धने-जिऱ्याचा काढा तोकीची जागा घेईल असं मुळीच नाही.

टोकियोच्या निशी-कासाइ भागात किंवा जपानमध्ये आणखी कुठे राहणाऱ्या मराठी कुटुंबांची गोष्ट वेगळी. त्यांना हे औषध सरळ, विम्यातून मिळू शकतं. सत्तरीच्या आतल्या बहुतेकांना खर्चाचा ३० टक्के वाटा भरावा लागतो. पाटीवर 'जिबी-इंकोका' असं लिहिलेल्या दवाखान्यात जावं, तो नाक-कान-घशाचा. 'निओइ गा वाकारानाइ' एवढं म्हटलं तरी 'वास कळत नाही' हे तिथे समजतं. जपानमध्ये बहुतेकांजवळ 'ओकुसुरी-तेच्यो' ही औषधांची वही असते. तिच्यात भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधं, अश्वगंधा, त्रिफळा, काहीही असो, तेही लिहून दाखवावं. संकोचाने हे लपवणारे पुष्कळ असतात आणि डॉक्टरांचा अंदाज तिथेच चुकतो. पुडी कपभर कोमट पाण्यात विरघळवून घेतली की सेलरीसारखा वास वर येतो. वास गेलेल्याने पिण्याआधी कप नाकाशी धरून सावकाश हुंगावं. दिवसातून तीन वेळा फुकटचा सराव होतो.

जपानी डॉक्टरांची आणखी एक रीत शिकण्यासारखी आहे. नाकाच्या वरच्या भागात सूज असेल तर ते स्टेरॉइडचे थेंब देतात आणि डोकं उलटं लोंबेल अशा स्थितीत ते नाकात टाकायला लावतात. ताठ बसून टाकलेले थेंब घशात उतरतात, वास टिपणाऱ्या पट्ट्यापर्यंत जातच नाहीत. स्टेरॉइड घ्यायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं; पण ते लिहून दिलं तर 'डोकं कसं ठेवू?' हा प्रश्न जरूर विचारावा.

महाराष्ट्रात बसून काय करता येईल? ज्या उपायावर जगभरातल्या नाकाच्या डॉक्टरांचं सर्वाधिक एकमत आहे, तो पुडीपेक्षा स्वस्त आहे: वासाचा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये त्याची पद्धत मांडली. चार वास घेतले: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. प्रत्येक वास सकाळ-संध्याकाळ हुंगायचा, असं बारा आठवडे. सराव केलेल्यांची वास ओळखण्याची ताकद न केलेल्यांपेक्षा वाढली. मेंदू आणि नाक यांच्यात नव्याने जोडल्या जाणाऱ्या धाग्यांना काम मिळत राहतं, असं त्यामागचं समजलेलं कारण.

घरात हे करायला चार छोट्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या पुरतात. एकीत ठेचलेल्या लवंगा, दुसरीत लिंबाची ताजी साल, तिसरीत कापसावर निलगिरी तेलाचे दोन थेंब, चौथीत गुलाबाचं चांगलं अत्तर. तेल नाकाला लावायचं नाही, नाकात तर अजिबात नाही. बरणी उघडून नाकाजवळ धरावी आणि वीस सेकंद हलके हलके, सशासारखं हुंगावं. जोरात ओढलेला श्वास उपयोगी नाही. हुंगताना तो वास कसा होता हे मनात आणावं: लवंग म्हणजे मसालेभाताचं झाकण काढल्यावरची वाफ, गुलाब म्हणजे लग्नाच्या मांडवातलं गुलाबपाणी. मग अर्ध्या मिनिटाने दुसरी बरणी. चारही मिळून पाच मिनिटांचं काम. लिंबाची साल दोन दिवसांनी बदलावी. बरण्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावाव्यात, म्हणजे काही दिवसांनी चिठ्ठ्या झाकून ओळखायचा खेळही खेळता येतो.

जपानमध्ये वास ओळखण्याच्या एका चाचणीतले वास त्यांच्या रोजच्या जगण्यातले आहेत: लिहायची काळी शाई, हिनोकीचं लाकूड, संत्रं, करी, स्वयंपाकाचा गॅस. ही दृष्टी उचलण्यासारखी आहे. तीन महिन्यांनी वास बदलायचे असतील तर मोगरा, वेलदोडा, हिंग, फिल्टर कॉफी असे आपल्या ओळखीचे घ्यावेत. ओळखीच्या वासाशी आठवणी बांधलेल्या असतात, त्या सरावाला कामी येतात.

अनेकजण 'चव गेली' अशी तक्रार घेऊन जातात. घरच्या घरी फरक कळतो. नाक चिमटीत धरून बडीशेप चघळावी. गोडवा कळतो पण बडीशेप आहे हे कळत नाही. मग नाक सोडावं. ज्याचा वास शाबूत आहे त्याला त्याच क्षणी बडीशेप 'येते'. ज्याला नाक सोडल्यावरही गोडाशिवाय काही कळत नाही, त्याची जीभ ठीक आहे, बिघाड नाकात आहे. डॉक्टरांना हे नेमकं सांगितलं की त्यांचा वेळ वाचतो.

आणि डॉक्टरांकडे जायचंच. वास गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत सुधारणा नसेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने नाक पाहायला हवं. एकाच नाकपुडीचा वास गेला असेल, एका बाजूने सतत पाण्यासारखा स्राव येत असेल, नाकातून रक्त येत असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा सर्दी-ताप काहीच न होता वास हळूहळू गेला असेल, तर एक आठवडाही थांबू नये. हे विषाणूचं काम नसावं, आणि अशा वेळी कुठलीच पुडी सुरू करू नये.

काही उपाय टाळायचे. नाकात झिंक कधीच टाकू नये. अमेरिकेत नाकात घ्यायच्या झिंकच्या सर्दीच्या औषधाने लोकांचा वास गेल्यावर तिथल्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये ते न वापरण्याचा इशारा दिला होता. रक्तात झिंक कमी नसेल तर झिंकच्या गोळ्याही वासासाठी कामाच्या नाहीत. लसूण, मिरी किंवा कापूर नाकात कोंबण्याचे प्रयोग आधीच दुखावलेल्या त्वचेला जाळतात. नस्य, म्हणजे नाकात औषध सोडण्याचा आयुर्वेदिक उपचार, करायचा असेल तर जाणत्या वैद्यांकडे आणि नाकाच्या डॉक्टरांना सांगून.

घराची सुरक्षितता वेगळी पाहावी. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. वास गेलेल्याला ही सूचना मिळतच नाही. रात्री रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावावी आणि शक्य असेल तर गॅसगळती सांगणारं यंत्र बसवावं. शिळ्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहावी. दूध नासलं का हे दुसऱ्याला विचारण्यात कमीपणा मानू नये.

वास परत येताना बऱ्याचदा वेडावाकडा येतो. कॉफी करपलेल्या रबरासारखी, तळलेला कांदा कुजल्यासारखा, लसूण तर असह्य. घरचे घाबरतात, पण अनेकांच्या बाबतीत ही नवे धागे जोडले जात असल्याची खूण असते. या काळात कांदा-लसणाची फोडणी, तळण आणि कॉफी काही आठवडे दूर ठेवावी, जेवण गरमागरम वाढण्याऐवजी कोमट वाढावं. वाफ कमी, त्रास कमी. दहीभात, काकडीची कोशिंबीर, केळं, मुगाची खिचडी बहुतेकांना चालते. तोंडाला चव राहावी म्हणून लिंबू, आमसूल, मीठ, गूळ आणि कुरकुरीत पापड यांचा आधार घ्यावा, कारण जीभ आणि दात अजून कामावर आहेत.

एक साधी वही ठेवावी. दर रविवारी चारही बरण्या हुंगून प्रत्येकीला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. आठवड्या-आठवड्याला फरक दिसत नाही आणि माणूस निराश होतो. पण तिसऱ्या महिन्यात पहिलं पान उघडलं की लवंग शून्यावरून तीनवर आलेली दिसते. हीच वही पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावी. जपानमध्ये पुडी घेणाऱ्यांनीही तीन महिन्यांनी ती वही दाखवून औषध चालू ठेवायचं की थांबवायचं हे विचारावं. गुण तसेच राहिले असतील तर चारही बरण्यांतले वास बदलून मोगरा, वेलदोडा, हिंग आणि कॉफी भरावी, नव्या चिठ्ठ्या लावाव्यात आणि पुढच्या रविवारी वहीचं नवं पान सुरू करावं.